ड्यूकसाहेबांची खोटी माघार

मी त्याला ड्यूक म्हणते ते मनातल्या मनात. समोर सगळे साहेब म्हणतात. माझे बाबा तर इतक्या मऊ आवाजात म्हणतात, की त्या शब्दाला पाठीचा कणा असता तर केव्हाच वाकून मोडला असता.

ड्यूक हा निवृत्त जकात अधिकारी. नोकरीत ट्रकवालेसुद्धा त्याला चुकवून दुसऱ्या नाक्यानं जायचे, म्हणून निवृत्त झाल्यावर त्यानं इंग्लंड जिंकायला घेतलं. दर रविवारी जिंकतो. टायरच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. खालून रबराचा वास येतो, वर ट्यूबलाइट गुणगुणत असते, आणि मधे हिरवं कापड अंथरलेल्या टेबलावर बोटाच्या पेराएवढे शिशाचे सैनिक उभे असतात. ट्रेवर उभ्या केलेल्या पलटणी मोजपट्टी लावून सरकवायच्या, फासे टाकायचे, मेलेले उचलून डब्याच्या झाकणात ठेवायचे. पोटं सुटलेली, चष्मे लागलेली माणसं अख्खा दिवस हेच करतात. याला खेळ म्हणायचं नाही, मोहीम म्हणायचं. एकदा मी चुकून बाहुल्या म्हणाले, तर ड्यूकनं हातातला चहा तसाच खाली ठेवला. ते पाहून होयबानंही ठेवला.

होयबा म्हणजे क्लबचा चिटणीस. औषधांचं दुकान आहे त्याचं. ड्यूक विनोद सांगायला लागला की हा शेवट यायच्या आधीच हसून मोकळा होतो, न जाणो नंतर हसायचं राहून गेलं तर! तिसरा बेकरीवाला. तो पंच. भला माणूस, पण भलेपणाचा उपयोग त्यानं आजवर फक्त गप्प बसायला केलेला.

ड्यूकचं आवडतं साल म्हणजे एक हजार सहासष्ट. नॉर्मनांचा ड्यूक, म्हणजे बडा सरदार, विल्यम समुद्र ओलांडून आला, टेकडीवर उभ्या असलेल्या सॅक्सनांना हरवलं, त्यांचा राजा मारला आणि इंग्लंडच्या गादीवर बसला. ड्यूक हे सांगतो तेव्हा असं वाटतं की स्वतः घोड्याची रिकीब धरून हजर होता. ‘‘शिस्त!’’ म्हणतो. ‘‘नॉर्मनांनी शिस्त आणली. त्याआधी काय होतं? चिखल!’’

चिखल होता खरा. त्याच चिखलाचे ढीग रचून नॉर्मनांनी गावोगावी गढ्या उभ्या केल्या. ढीग रचले कोणी? गढीवरून ज्यांच्यावर नजर ठेवायची होती त्यांनीच. माती त्यांची, टोपली त्यांची, घाम त्यांचा, पाठ त्यांची. वर उभा राहून थुंकणारा मात्र परका. पुढे उत्तरेकडच्या लोकांनी मान वर केली, तर त्यांची घरं जाळली, धान्य जाळलं, गुरं मारली, आणि थंडीला म्हणाले, उरलेलं तू बघ. मग सगळी जमीन राजाची झाली. ज्याची होती त्यानं राजापुढे गुडघे टेकायचे, स्वतःचंच शेत मागून घ्यायचं, वर उपकार मानायचे.

ड्यूक क्लबात आला तो याच वाटेनं. आधी त्यानं एक लोखंडी कपाट आणलं. जिन्यावरून वर चढवलं सदस्यांनी. बेकरीवाल्याची कंबर तेव्हा धरली ती अजून सुटलेली नाही. ‘‘दमट हवेत रंग खराब होतात. सगळ्यांनी आपापली सैन्यं आत ठेवा,’’ ड्यूक म्हणाला. ठेवली. मग त्यानं कुलूप लावलं. मग नियम निघाला, की कपाटात आहे ते क्लबचं. सदस्यांना वापरायला मिळेल, साहेबांना विचारून. कोणी काही बोललं नाही. सगळ्यांना वाटलं, दुसरा कोणीतरी बोलेल.

बाबांचं सॅक्सन सैन्यही त्याच कपाटात गेलं.

बाबा दातांचे डॉक्टर. चाळीस वर्षं लोकांच्या उघड्या तोंडात वाकून पाहिलं. मग एका सकाळी हातातला आरसा पेशंटच्या दातावर टकटक वाजला आणि थांबेना. बाबांनी पेशंटला दुसऱ्या डॉक्टरचा पत्ता दिला, दवाखान्याचा पडदा ओढला, घरी आले. नंतर कळलं, सकाळी उठल्या उठल्या थोडा वेळ हात शांत असतात. उन्हाचा पट्टा खिडकीतून टेबलावर येईपर्यंत. तेवढ्या वेळात, रोज थोडं थोडं करून, त्यांनी ते सैन्य रंगवलं.

काय सांगू त्या सैन्याचं! बाकीच्यांचे सैनिक म्हणजे एकाच साच्यातली तोंडं. बाबांचा एकेक माणूस आईच्या पोटातून आलेला. एकाच्या गालाला फडकं बांधलेलं, दाढदुखीवाला. एकाचं लक्ष शत्रूकडे नाही, पायातल्या फाटक्या जोड्याकडे. एक म्हातारा, एक पोरसवदा, एक नुकता बाप झालेला – हे कसं दिसतं म्हणाल तर मला सांगता येत नाही, पण दिसतं. ढालींत एकीसारखी दुसरी नाही: एकीवर पान, एकीवर मासा, एकीवर चांदणी. आणि तिसऱ्या रांगेत एक बिनदाढीचा, जाडसर नाकाचा, ओठ घट्ट मिटलेला भालेकरी. ते नाक माझ्या आईचं. तो चेहरा तिचा, बाबा उशिरा घरी आल्यावरचा. हयात असती तर दोघांनाही फैलावर घेतलं असतं तिनं, रंगवणाऱ्यालाही आणि ओळखून हसणारीलाही. तो भालेकरी पुरा झाल्यावर बाबांनी ब्रश धुतले, पुसले आणि पुन्हा उचलले नाहीत. सकाळची ती शांत घटकाही मग आली नाही.

मग एका रविवारी, मी बाबांना क्लबात घेऊन गेले होते तेव्हा, ड्यूकनं जाहीर केलं की शहरातल्या मोठ्या प्रदर्शनात क्लब ‘उत्तरेचा बंदोबस्त’ मांडणार. जळती गावं, पळते शेतकरी, वर घोडेस्वार.

‘‘शेतकरी पुष्कळ लागतील,’’ तो म्हणाला. ‘‘ते डॉक्टरांच्या सॅक्सनांतून काढू. भाले छाटायचे, ढाली तासायच्या. तपकिरी रंगाचा एक हात मारला की झाले शेतकरी.’’

‘‘वा! काय कल्पना आहे!’’ होयबा म्हणाला.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते. कानात मशिनची घरघर इतकी बसलीय की कधी कधी बोललेलं नीट ऐकू येत नाही. हे मात्र नीट ऐकू आलं. मी बाबांकडे पाहिलं. म्हटलं आता तरी हा माणूस उभा राहील.

‘‘साहेब,’’ बाबा म्हणाले, ‘‘तुम्ही म्हणता तर योग्यच असेल. फक्त एक विनंती होती.’’

विनंती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘‘छाटण्याआधी एकदा त्यांना टेकडीवर उभं करू द्या. तुमच्यासमोर. सूर्यास्ताच्या, शेवटच्या डावापर्यंत टेकडी त्यांच्याकडे राहिली, तर मी त्यांना घरी नेईन म्हणतो.’’

ड्यूक हसला. होयबा त्याच्याही आधी हसला होता.

‘‘डॉक्टर, तुमचे हात तरी चालतात का?’’

‘‘ही आहे ना. ही माझा हात.’’

क्लबात तशी रीत आहे. कोणाचं मनगट मोडलं, खांदा धरला, तर त्याच्या वतीनं दुसऱ्यानं सैनिक सरकवायचे. त्या दुसऱ्याला नुसतं ‘हात’ म्हणतात. हातानं हलवायचं, बस्स. सल्ला द्यायचा नाही, उसासा सोडायचा नाही, भुवई उचलायची नाही.

‘‘ठीक आहे,’’ ड्यूक म्हणाला. ‘‘टेकडी राहिली तर न्या. नाही राहणार.’’

*

पुढच्या रविवारी सकाळी टेकडी मांडली. थर्माकोलची, वर भुसा चिकटवून हिरवी केलेली. मी बाबांच्या सांगण्याप्रमाणे तिच्या माथ्यावर सॅक्सन उभे केले, ढालीला ढाल लावून. खाली ड्यूकचे नॉर्मन: पुढे तिरंदाज, मागे पायदळ, त्यामागे चकचकीत घोडेस्वार. ड्यूक स्वतः रंगवत नाही. रंगवून घेतो, आणि रंगवणाऱ्याला रंग कसा द्यावा हे शिकवतो.

डाव सुरू झाले. नॉर्मन चढले, ढालींवर आपटले, उतरले. पुन्हा चढले, पुन्हा उतरले. बाबा खुर्चीत बसून एवढंच म्हणत होते, ‘‘राहू दे. तिथंच राहू दे.’’ मी काहीच हलवत नव्हते. हात म्हणून इतकं सोपं काम कोणाला मिळालं नसेल.

मग ड्यूकनं ती सुप्रसिद्ध युक्ती काढली. खोटी माघार. घोडेस्वारांनी घाबरून पळाल्याचं सोंग करायचं. टेकडीवरच्यांना वाटतं शत्रू पळाला, ते रांग मोडून मागे धावतात, आणि उघड्यावर आले की घोडे वळतात आणि त्यांना कापून काढतात. विल्यमचे लोक त्या दिवशी मुद्दाम पळाले होते, की खरोखरच पळत होते आणि शहाणपण मागाहून सुचलं, यावर जाणकार अजून भांडतात. ड्यूक भांडत नाही. त्याच्या मते नॉर्मन पळतात ते मुद्दामच.

यासाठी त्यानंच एक नियम केलेला. माघार खोटी असेल तर घोडेस्वारांच्या ट्रेखाली आधी एक काळं बटण ठेवायचं, पंचाला कळेल असं. समोरच्याला ते दिसत नाही, ट्रे उचललेला तेवढा दिसतो. बटण असेल तर घोडे पुढच्या डावात वळू शकतात. नसेल, तर ती माघार खरी. पाठीवर वार पडला की फासा टाकायचा, आणि दान कमी पडलं की पलटण पळत टेबलाबाहेर.

पहिल्यांदा ड्यूकनं ट्रे उचलला, मुठीतलं बटण ठेवलं, ट्रे मागे ओढला. घोड्यांची पाठ आमच्याकडे.

‘‘बघा डॉक्टर, पळाले! काय घबराट, काय घबराट!’’

‘‘राहू दे,’’ बाबा मला म्हणाले.

पुढच्या डावात घोडे मुकाट वळून परत आले. मग दुसऱ्यांदा तेच. पुन्हा बटण, पुन्हा पाठी.

‘‘डॉक्टर, दातांना घाबरत नव्हतात, घोड्यांना घाबरता?’’ होयबा म्हणाला.

‘‘राहू दे.’’

दुपार कलली. खिडकीतलं ऊन टेबलाच्या पायाशी आलं. ड्यूकला कंटाळा आला होता. जिंकायची सवय झालेल्या माणसाला वाट बघता येत नाही. मग त्यानं व्याख्यान सुरू केलं. नॉर्मन राज्यव्यवस्था. डोलणारी हनुवटी, डोळे छताकडे. ‘‘माणसाला मालक लागतो, डॉक्टर. मालक नसला की माणूस बावचळतो. नॉर्मनांनी प्रत्येकाला त्याची जागा दाखवली. वर राजा, खाली सरदार, त्याच्या खाली...’’ बोलता बोलता त्यानं घोडेस्वारांचा ट्रे तिसऱ्यांदा मागे ओढला. मी त्याच्या हनुवटीकडे बघत होते. दाढी करताना राहून गेलेला एक पांढरा केस तिच्यावर वाऱ्यावर हलल्यासारखा हलत होता, आणि त्या केसाचाही मला इतका राग येत होता की दुसरं काही दिसेना.

‘‘उतर,’’ बाबा म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

‘‘सगळे खाली घे. पहिली रांग, दुसरी, तिसरी. घोड्यांच्या मागे.’’

‘‘बाबा!’’

‘‘हात बोलत नाहीत,’’ ड्यूक म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. ‘‘नियम आहे, बाई.’’

‘‘आहेच नियम,’’ बाबा म्हणाले. ‘‘खाली घे, बाळ.’’

तेव्हा मला जे वाटलं ते लपवत नाही. किळस आली. दिवसभर टेकडी धरून बसला हा माणूस, आणि दोन डाव उरले असताना साहेबांचा वेळ फुकट जाऊ नये म्हणून स्वतःची माणसं खाली पाठवतोय! दाढदुखीवाला, फाटक्या जोड्याचा, नुकता बाप झालेला. त्यांच्या मानेवर सुरी ठेवायला ड्यूकला टेकडी चढायचेही कष्ट पडू नयेत. ताटाखालचं मांजरसुद्धा कधी तरी पंजा मारतं. मी एकेक ट्रे उचलला आणि खाली ठेवला, मुद्दाम आवाज करत. तिसऱ्या रांगेला हात लावताना त्या मिटलेल्या ओठांकडे बघितलं नाही.

सॅक्सन टेकडी सोडून घोड्यांच्या पाठीला भिडले.

‘‘अरेरे,’’ ड्यूक म्हणाला. त्यानं बाह्या सारख्या केल्या. ‘‘इतिहास बदलत नाही, डॉक्टर. आता बघा.’’ आणि घोडे वळवायला त्यानं हात पुढे केला.

‘‘साहेब,’’ बाबा त्याच मऊ आवाजात म्हणाले, ‘‘वळवायच्या आधी ट्रे जरा उचलता?’’

‘‘कशाला?’’

‘‘बटण बघायचं होतं.’’

ड्यूकचा हात हवेत राहिला. मग त्यानं ट्रे उचलला. खाली हिरवं कापड होतं. नुसतं हिरवं कापड.

खालच्या दुकानात कोणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

‘‘ही औपचारिकता आहे,’’ ड्यूक म्हणाला. ‘‘माझी माघार खोटीच असते. सगळ्यांना माहीत आहे.’’

‘‘सगळ्यांना,’’ होयबा म्हणाला.

इतके रविवार झाले, कोणी ट्रे उचलायला सांगितला नव्हता. विचारणारं कोणी नसलं की बटण ठेवायचं तरी लक्षात कशाला राहील? बाबांनी मान किंचित कलती करून पंचाकडे पाहिलं. बेकरीवाल्यानं दुखरी कंबर दाबली. त्याचं स्वतःचं सैन्यही त्याच कुलपात होतं. तो टेबलाकडे बघत म्हणाला, ‘‘मला बटण दाखवलेलं नाही.’’ आणि मग, जरा मोठ्यानं, ‘‘फासा टाका, साहेब.’’

‘‘अहो, पण...’’

‘‘पाठीवर वार आहे. फासा टाका.’’

ड्यूकनं टाकला. दान एक पडलं. मी तो फासा माझ्या मरणापर्यंत विसरणार नाही. लाल ठिपका, मधोमध, कुंकवासारखा नीटस. चकचकीत घोडेस्वार आपल्याच तिरंदाजांना तुडवत टेबलाच्या कडेपर्यंत गेले आणि कडेवरून मी त्यांना झाकणात ओतलं. हो, मी. ड्यूक हात लावायला तयार नव्हता. बाबा म्हणाले, ‘‘आता सगळ्यांना परत वर ने. हळू, त्या पोरसवद्याचा भाला वाकलाय.’’ सूर्यास्ताच्या डावाला सॅक्सन माथ्यावर होते, ढालीला ढाल लावून.

मी बाबांकडे पाहिलं. मी ड्यूकची हनुवटी बघत होते तेव्हा बाबा त्याचे हात बघत होते; तिसऱ्यांदा त्यानं ट्रे उचललाच नव्हता. मगाचं सगळं गिळावं लागलं.

*

हरल्यावर ड्यूक काय करेल? रागावेल, आरडाओरडा करेल, असं मला वाटलं होतं. त्यानं त्याहून वाईट केलं. तो उदार झाला.

‘‘छान,’’ तो म्हणाला. ‘‘मी प्रसन्न आहे. डॉक्टर, हे सैन्य मी तुम्हाला बहाल करतो.’’

‘‘काय मोठेपणा!’’ होयबा म्हणाला.

‘‘त्यांचंच आहे ते,’’ मी म्हणाले. डाव संपला होता, हाताला तोंड परत मिळालं होतं.

‘‘क्लबचं होतं. आता माझ्या हातून त्यांचं होतंय.’’ ड्यूक टेबलाला वळसा घालून आला आणि बाबांच्या खुर्चीसमोर उभा राहिला. त्यानं दोन्ही तळवे समोर धरले, मधे अंतर ठेवून. ‘‘आपण हे रीतसर करू. नॉर्मन पद्धतीनं. जमीन घेणाऱ्यानं गुडघ्यावर बसून जोडलेले हात मालकाच्या हातात द्यायचे. गुडघ्याचं मी सोडून देतो. वय आहे तुमचं. हात द्या फक्त.’’

तो चेष्टा करत नव्हता. ते तळवे खरोखर वाट बघत होते; मऊ, गुबगुबीत, आयुष्यात कधी टोपली न उचललेले. त्यांत बाबांचे हात गेले असते, तर सैन्य घरी आलं असतं, पण देणगी होऊन आलं असतं. फडताळात त्याच्याकडे बघताना दर वेळी वाटलं असतं की हे ड्यूकनं दिलंय.

बाबांचे हात मांडीवर होते. थरथरत होते, दिवसभर थरथरत होते. त्यांनी ते उचलले नाहीत.

‘‘माझे हात चालत नाहीत, साहेब,’’ बाबा म्हणाले. ‘‘आज माझा हात ती आहे. तिलाच विचारा.’’

सगळे माझ्याकडे वळले. ड्यूकही वळला, तळवे तसेच धरून. बेकरीवाला टेबलावरचं एक झाड सरळ करत असल्याचं सोंग करत होता आणि हसू दाबत होता.

मी घरून आणलेला खोका ओढला. तळाशी कापूस पसरला. माथ्यावरचा पहिला सॅक्सन उचलला, मऊ फडक्यानं पुसला, कापसात ठेवला. मग दुसरा. मासा, पान, चांदणी. घाई केली नाही. चष्म्याच्या काचा बसवणारीला घाई माहीतच नाही. दोन्ही हात कामात होते. तिसरा मला नव्हता.

‘‘बाई,’’ ड्यूक म्हणाला.

मी दाढदुखीवाल्याचं फडकं पुसत होते.

‘‘अहो बाई, मी उभा आहे.’’

‘‘दिसतंय,’’ मी म्हणाले. ‘‘जरा बाजूला उभे राहा, उजेड येऊ द्या.’’

तो खरंच बाजूला झाला. सवयीनं की गोंधळून, देव जाणे. होयबा हसायचं की नाही या विचारात पडला, आणि कोणी सांगेना म्हणून तोंड अर्धवट उघडून बसून राहिला. पुढची रांग भरली, मधली भरली. ड्यूकचे तळवे अजून समोर होते, पण आता ते कोणाला द्यायचे हे त्यालाच कळेना. हळूहळू ते खाली आले, एकमेकांना घासले, टेबलाची कड शिवून आले, आणि शेवटी त्यानं ते पँटच्या खिशात घातले.

‘‘भाले सगळे एका दिशेला ठेव,’’ बाबा म्हणाले. ‘‘नाहीतर अडकतात एकमेकांत.’’

‘‘ठेवलेत.’’

‘‘मागच्या वेळीही ठेवलेत म्हणाली होतीस.’’

मी खोका बंद केला, काखेत धरला, दुसरा हात बाबांना दिला. ते उठले. दारापाशी पोचलो तेव्हा मागून बेकरीवाल्याचा आवाज आला. तो ड्यूकला म्हणत होता, ‘‘साहेब, माझं सैन्यही आजच काढून द्या. कपाट उघडा.’’